उसने वैर

मध्यंतरी बारामतीत एका घरगुती काव्यवाचनाला गेलो होतो. वाचणारे बहुतेक आपलेच, म्हणजे मुस्लिम मराठी कवी. ऐकणारे पंधरा-वीस. एका तरुण कवीने सीमेवरच्या जवानावर कविता वाचली. शेवटच्या कडव्यात अब्दुल हमीद आले आणि टाळ्या पडल्या. दुसऱ्याने वाघा सीमेवर मेणबत्त्या लावल्या, दोन्हीकडची माणसे एकमेकांच्या गळ्यात पडली, पुन्हा टाळ्या पडल्या. नंतर चहा घेताना एका वयस्क श्रोत्याने, ज्यांचे सारे आयुष्य उसाच्या शेतीत गेले आहे, विचारले, "का हो, एकानं सांगितलं वैर हाय, दुसऱ्यानं सांगितलं न्हाय. त्यातलं खरं कंचं? त्या लोकांचं आन् आपलं खरंच वैर हाय का?"

कोणी उत्तर दिले नाही. कवींनी तर नाहीच. मीही बशीतला चहा संपवून उठलो. पण प्रश्न काही उठला नाही. दोन देशांच्या सरकारांचे वैर असते हे सर्वांना ठाऊक आहे. त्या गृहस्थांना माणसांविषयी विचारायचे होते, आणि माणसांविषयी बोलणे हे तर साहित्याचे काम. मग आपल्या साहित्याने या प्रश्नाचे काय केले, हे जरा तपासून पाहू.

कऱ्हाटीतल्या माणसाने हा प्रश्न विचारावा यालाही अर्थ आहे. वैर म्हणजे काय हे या मुलखाला शिकवावे लागत नाही. निरा डाव्या कालव्याच्या पाण्याची पाळी, दरवर्षी वीतभर कोरला जाणारा बांध, सामायिक विहिरीतला हिस्सा, यांवरून तीन-तीन पिढ्या एकमेकांच्या मयतीला न गेलेली घरे इथल्या प्रत्येक गावात सापडतील. याला आपल्याकडे 'दावा' म्हणतात. कोर्टातला तोही दावा आणि मनात धरलेला तोही दावाच. भाषेने दोन्हींना एकच शब्द उगीच दिलेला नाही. दाव्याला एक अट असते, ती म्हणजे बांध सामायिक असला पाहिजे. ज्याची विहीर आपल्याशी लागत नाही, ज्याच्याशी भावकी नाही, ज्याने आपले काही नेले नाही आणि ज्याचे आपण काही दिलेले नाही, त्याच्याशी दावा धरायचा म्हटले तरी धरता येत नाही. इंदापूरच्या ऊसवाल्याने मुलतानच्या कापूसवाल्याशी कशावरून दावा धरावा? त्याच्याविषयी काही राग मनात असेलच तर तो स्वतः कमावलेला नाही. कोणीतरी आणून दिला आहे. उसना आहे.

यावर एक घरची गोष्ट सांगतो. माझ्या दादीचा धाकटा भाऊ मुंबईला गोदीत कामाला होता. फाळणीनंतर तो बोटीने कराचीला गेला आणि तिकडचाच झाला. वर्षा-दोन वर्षांनी पत्र येई. उर्दूत लिहिलेले. दादीला लिहिता-वाचता येत नव्हते. मशिदीतले पेशइमाम वाचून दाखवत. १९६५ ला आणि पुन्हा १९७१ ला टपाल तुटले. १९७४ साली दोन्ही देशांतले टपाल पुन्हा सुरू झाले तेव्हा जे पहिले पत्र आले, त्या वेळी मी दादीच्या शेजारी बसलो होतो. पेशइमाम वाचत होते आणि दादी मध्येच म्हणाली, "उनो गया सो गया, अम्मां कू मिल के बी नै गया. अम्मां कू मिट्टी देने कू बी नै आया." तिचा दावा होता आणि पक्का होता. पण तो पाकिस्तानशी नव्हता. आईच्या मयतीला न आलेल्या भावाशी होता. व्हिसा, युद्ध, टपालबंदी ही कारणे तिला कोणी सांगितली असती तरी तिने ती मानली नसती.

आता साहित्याकडे वळू. सुरुवात शाहिरीपासून करतो, कारण आपल्या भाषेत लढाईचे साहित्य म्हणजे प्रथम पोवाडा.

पुणे-सोलापूर रस्त्यावर, या इंदापूरजवळच, २९ ऑगस्ट १९६९ रोजी मोटार अपघातात शाहीर अमर शेख गेले. मूळचे बार्शीचे महबूब हुसेन पटेल. मोटारीवर क्लीनर, मग गिरणी कामगार, मग कम्युनिस्ट. आई मुनेरबीकडून गाणे आले. १९४४ साली अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभे केले. आचार्य अत्र्यांनी त्यांना महाराष्ट्राचा मायकोव्हस्की म्हटले. चीन आणि पाकिस्तानशी लढाया झाल्या तेव्हा त्यांनी गावोगाव कार्यक्रम करून लोकांना जागे केले. आपल्या व्यासपीठांवर अमर शेखांची आठवण निघते ती हटकून या शेवटच्या गोष्टीसाठी. 'पाहा, आमचा शाहीर देशासाठी गायला.' हे खरे आहे, पण ते ज्या स्वरात सांगितले जाते तो स्वर मला खटकतो. मालोजीराजांनी नगरच्या शाहशरीफ पिराच्या श्रद्धेतून मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, ही परंपरेने चालत आलेली हकीकतही आपण अशीच खिशातून काढून दाखवतो. अब्दुल हमीद यांचे नाव तर किती वेळा घेतले याचा हिशेब नाही. १९६५ ला खेमकरणला त्या माणसाने पाकिस्तानी रणगाड्यांपुढे छाती दिली आणि परमवीरचक्र मिळवले. त्यांच्या हौतात्म्याचे आपण ओळखपत्र करून टाकले. एखाद्या माणसाचे ओळखपत्र केले की तो माणूस वाचायचा राहून जातो. अमर शेखांचे तेच झाले आहे.

पोवाड्याला शत्रू लागतो. तोही एक, नावाचा, समोर उभा असलेला. अज्ञानदासाच्या अफजलखान वधापासून ही चौकट चालत आलेली आहे. लाल बावट्याच्या शाहिरांनी ती चौकट घेतली आणि शत्रूच्या जागी माणसाऐवजी व्यवस्था बसवली. सावकारी, भांडवलशाही, फॅसिझम. अण्णाभाऊंचा स्टालिनग्राडचा पवाडा याच जातीचा. पण त्यांनीच पंजाब-दिल्लीच्या दंग्यावर पोवाडा रचला तेव्हा खरी अडचण उभी राहिली असणार. १९४७ च्या त्या कत्तलीत मारणारा आणि मरणारा दोघेही गरीब, दोघेही शेजारी. नायक कोणाला करायचे आणि खान कोणाला? डफावर थाप मारून उत्तर देता येईल असा तो प्रश्न नव्हता. तरीही अण्णाभाऊ त्याला भिडले. नंतरच्या शाहिरांपैकी फार थोड्यांना ते जमले.

१९६२ ची गोष्ट आणखी अवघड आहे. चिनी जनतेच्या मुक्तिसेनेवर अण्णाभाऊंचे गौरवगीत आहे. अण्णाभाऊ आणि अमर शेख एकाच पथकाचे, एकाच विचाराचे. पुढे त्याच सेनेने हिमालय ओलांडला आणि अमर शेखांचे हिमालयातल्या पेटलेल्या बर्फाचे गाणे घराघरांत गेले. कोणी म्हणेल, शाहिराने कूस बदलली. मला तसे वाटत नाही. त्या गाण्याच्या ध्रुपदातली प्रतिमा नीट पाहा. आग लागली आहे आणि ती विझवायला निघायचे आहे. ध्रुपदाचे क्रियापद विझवण्याचे आहे, मारण्याचे नाही. गावात कोणाच्या गंजीला आग लागली तर माणसे हंडे-घागरी घेऊन धावतात. आग कोणी लावली याची चौकशी नंतर होते. अमर शेख लढाईच्या ऐन भरात, लाखोंच्या सभेत गाणारा शाहीर. चिनी माणसाला शिव्या घालून टाळ्या मिळवणे त्याला अवघड नव्हते. त्याने ध्रुपद बांधले ते आग विझवणाऱ्यांचे. देशासाठी गाणे आणि परक्या माणसाचा द्वेष करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याच्या कानाला कळत होते. आपल्या भाषणांत हा भेद हरवला आहे.

त्याच १९६२ च्या लढाईने दुसरेही एक दाखवले, जे आपल्याकडे फार कमी लिहिले गेले. आसाम, शिलाँग, कलकत्ता भागांतून पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार माणसांना पकडून राजस्थानात देवळीच्या छावणीत ठेवण्यात आले. पेकिंगचे सैन्य हाताला लागत नव्हते. शेजारचा चिनी चांभार, चिनी हॉटेलवाला हाताला लागत होता. उसन्या वैराचे असेच असते. ते ज्याच्यावरून घेतले त्याच्यापर्यंत पोचत नाही, म्हणून जवळच्या माणसाकडून वसूल केले जाते. मुस्लिम वाचकाला हे मी अधिक फोड करून सांगण्याची गरज नाही. क्रिकेटची मॅच असेल त्या दिवशी चौकातल्या टपरीवर आपल्या तोंडाकडे कसे पाहिले जाते हे ज्याला माहीत आहे, त्याला देवळी कळेल.

आणि याच चीनमध्ये अमर शेखांच्याच जिल्ह्यातला एक माणूस अजून घरचा मानला जातो. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली काँग्रेसच्या वैद्यकीय पथकातून गेले, तिथल्या जखमींची सेवा करता करता ९ डिसेंबर १९४२ रोजी बत्तिसाव्या वर्षी वारले. त्यांची पत्नी क्वो छिंगलान, चिनी परिचारिका. मुलाचे नाव इनह्वा, म्हणजे 'भारत' आणि 'चीन' एकत्र. ही हकीकत लोकांपर्यंत नेली ख्वाजा अहमद अब्बास यांनी. त्यांच्या पुस्तकावरून व्ही. शांतारामांनी १९४६ साली चित्रपट काढला. अब्बास पानिपतचे. ज्या गावाच्या नावाने मराठी माणसाच्या अंगावर काटा येतो त्या गावच्या लेखकाने सोलापूरच्या मराठी डॉक्टरची कथा लिहावी, हा एक योगायोग. १९६२ ने कोटणीसांचे नाव पुसले नाही. २०२० च्या जूनमध्ये गलवानमध्ये वीस भारतीय जवान मारले गेले आणि त्यानंतर अवघ्या दोन-तीन महिन्यांत शिजियाझुआंगमधल्या कोटणीसांच्या नावाच्या वैद्यकीय शाळेसमोर त्यांचा पुतळा उभारला जात असल्याच्या बातम्या आल्या. यात चिनी सरकारचे राजकारण असेल, नाही असे नाही. पण राजकारणालासुद्धा वापरायला काहीतरी शिल्लक लागते, आणि ते माणसांनी शिल्लक ठेवलेले होते. कराचीतही नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याच्या नावाची शाळा त्याच नावाने उभी आहे. १८५५ साली निघालेली. फाळणी, तीन-चार लढाया, कितीतरी सरकारे होऊन गेली. पाटी तीच राहिली.

शाहिरीतून जे निम्मेच सांगता येते ते कथेत पूर्ण येते, असे माझे मत आहे, आणि त्यासाठी मंटोकडे गेल्याशिवाय गत्यंतर नाही. मंटो आपला म्हणायला हरकत नाही. त्याची उमेदीची वर्षे मुंबईत गेली आणि १९४८ च्या जानेवारीत तो लाहोरला गेला तेव्हाही मुंबई मनातून गेली नाही. आपल्याकडे त्याची 'टोबा टेकसिंग' सर्वांना ठाऊक आहे. पण आपल्या प्रश्नाचे उत्तर तिच्यापेक्षा त्याच्या काश्मीरच्या पहिल्या लढाईवरच्या दोन कथांत आहे. 'आखरी सल्यूट' आणि 'टेटवाल का कुत्ता'. दोन्ही शेजारी ठेवून वाचाव्यात.

'आखरी सल्यूट'मध्ये रबनवाज पाकिस्तानचा सुभेदार आणि समोरच्या टेकडीवर रामसिंग. दोघे एका मुलखातले, दुसऱ्या महायुद्धात एकाच पलटणीत लढलेले. आता समोरासमोर. रात्री एकमेकांचा आवाज ओळखून ते जे शिव्यांचे सत्र सुरू करतात ते बांधावरच्या भांडणाचे आहे. जुनी थट्टा, जुने उणेदुणे, तू कोणाचा कोण हे सारे ठाऊक असलेल्या माणसांचे. मंटोला हे वैर कळले आहे, कारण याला सामायिक बांध आहे. पुढे थट्टेथट्टेत रबनवाज एक गोळी झाडतो आणि ती रामसिंगला लागते. मरताना रामसिंग जुन्या गोष्टी काढून हसतो, आणि पूर्वी दोघांचा अधिकारी असलेला, आता पाकिस्तानी मेजर झालेला अस्लम समोर येतो तेव्हा सवयीने त्याला सलाम ठोकतो. मग त्याला आठवते की आपण लढाईत आहोत, आणि हात खाली येतो. कथेत 'आपण सारे भाऊ' असे कोणी कुठे म्हणत नाही. म्हणायची गरज पडत नाही. तो अर्ध्यावरून खाली आलेला हात मेणबत्त्यांच्या दहा कवितांना पुरून उरतो.

'टेटवाल का कुत्ता'त उलट आहे. दोन ठाणी, दोन्हीकडची माणसे एकमेकांना ओळखत नाहीत. हवा छान आहे, फुले आहेत, लढाई कंटाळवाणी झाली आहे. एक भटका कुत्रा येतो. इकडचे त्याला नाव देऊन गळ्यात पाटी अडकवतात, तिकडचे दुसरे नाव आणि दुसरी पाटी. मग दोन्ही बाजू त्या कुत्र्याच्या आजूबाजूला गोळ्या झाडायला लागतात, करमणूक म्हणून. शेवटी कुत्रा मरतो. एक बाजू त्याला शहीद ठरवते, दुसरी म्हणते कुत्र्याच्या मौतीने मेला. या कथेत कोणाचाही कोणावर राग नाही, हे पुन्हा वाचताना लक्षात येते आणि अंगावर शहारा येतो. राग असता तर निदान त्याला कारण असते. जिथे ओळख होती तिथे गोळी चुकून लागली. जिथे ओळख नव्हती तिथे ती ठरवून मारली गेली, आणि मरणाऱ्याचा कोणत्याच देशाशी संबंध नव्हता. माझ्या मते त्या श्रोत्याच्या प्रश्नाला याहून सरळ उत्तर आपल्या दोन्ही भाषांत कोणी दिलेले नाही.

मराठीत याच्या जवळ जाणारे एकच पुस्तक मला पटकन आठवते, हमीद दलवाईंचे 'इंधन'. दलवाईंच्या इतर मतांशी आपल्यातल्या अनेकांचा वाद होता, आजही आहे. पण १९६५ साली, बाहेर लढाईचे वारे असताना, या माणसाने कोकणातल्या एका गावातला तणाव लिहिला आणि त्याची मुळे गावातल्याच जुन्या हिशेबांत दाखवली. काडी कोणीही ओढो, जळण घरचेच, हे त्यांना दिसले होते. मतभेद असलेल्या लेखकाचे चांगले पुस्तक वाचण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे. असो.

इथे एक आक्षेप येईल आणि तो यायलाच हवा. मुंबईत २००८ साली १६६ माणसे मारली गेली. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाममध्ये २६ जण गेले, त्यात महाराष्ट्रातले सहा होते, आणि अतिरेक्यांना अडवणारा एक काश्मिरी मुसलमान घोडेवालाही होता. ज्यांच्या घरातले माणूस गेले त्यांच्या रागाला मी उसना म्हणणार नाही. तो त्यांचा स्वतःचा आहे, रक्ताने मोल देऊन घेतलेला. फाळणीत ज्यांची गावे जळाली, दोन्हीकडची, त्यांच्याही रागाला म्हणणार नाही. फाळणीच्या कथा वाचताना मात्र एक दिसते की अशा माणसाचा राग बहुधा नावानिशी असतो. अमुक गल्लीतल्या अमुकाने दार दाखवले, तमुकाने कुऱ्हाड उचलली. आणि त्याच माणसाच्या तोंडी लपवून ठेवणाऱ्या शेजाऱ्याचेही नाव असते. ज्याचे काहीच गेलेले नाही त्याचा राग मात्र सरसकट असतो, आणि आवाज त्याचाच मोठा असतो.

आता आपल्या घरचे. मुस्लिम मराठी साहित्य संमेलने १९९० साली सोलापुरात सुरू झाली, त्याला तीन दशकांहून अधिक काळ लोटला. या काळात आपण दारिद्र्य लिहिले, तलाक लिहिला, दंगली लिहिल्या, मोहल्ला लिहिला. कविता तर उदंड. पण दोन देशांचा विषय निघाला की आपली लेखणी आखडते आणि त्या बारामतीच्या काव्यवाचनातल्या दोन कविता लिहून मोकळी होते. एक पुराव्याची, एक मेणबत्तीची. पहिलीत कवी न्यायालयात उभा असतो, दुसरीत सभेत. घरात कोणीच नसतो. खरे तर हा विषय आपल्या घरांत होता. कोकणातल्या कितीतरी कुटुंबांची एक शाखा कराचीत आहे, घाटावर कमी पण आहेत. त्या घरांतली भांडणे, रुसवे, न झालेली लग्ने, फोटोवर पसंत केलेल्या आणि व्हिसाअभावी राहिलेल्या मुली, यांवरची कथा माझ्या वाचनात क्वचित आली. लिहायला भीती वाटते हे मी समजू शकतो. पाकिस्तानात नातेवाईक आहेत हे सांगणे आजच्या दिवसांत सोपे नाही. पण भीती हेसुद्धा लिहिण्याचेच साहित्य आहे, आणि तेही कोणी लिहिलेले नाही.

दादीच्या त्या पत्राचे पुढे असे झाले. तिने पेशइमामांना उत्तर सांगितले. भावाला चांगले दहा मिनिटे झापले. अम्मांची मिट्टी, वडिलांच्या जमिनीतला त्याचा हिस्सा चुलत्यांनी खाल्ला तो, त्याने बायकोचे एकही छायाचित्र पाठवले नाही ते, सगळे. पेशइमाम मान हलवत लिहीत होते. नंतर दादी आत गेली तेव्हा मी त्यांना विचारले, एवढे सगळे एका पानात कसे बसले? ते हसले. पत्र माझ्यापुढे धरले. मला तेव्हा उर्दू थोडे लागत होते. चार ओळी होत्या. इथे सर्व खैरियत आहे, तुमची खैरियत खुदावंत करीमकडे नेक मागतो, लहानांना प्यार, मोठ्यांना सलाम. "सरहद पार का खत है बेटा," ते म्हणाले, "ज्यादा नै लिखते."

२०२५ च्या मे महिन्यात भारताने पाकिस्तानातून येणारे टपाल पुन्हा बंद केल्याची बातमी वाचली तेव्हा मला ते पान आठवले. नंतर त्या तरुण कवीला, ज्याच्या कवितेत अब्दुल हमीद आले होते, मी ही गोष्ट सांगितली आणि म्हटले, दादीने जे सांगितले आणि मौलवींनी लिहिले नाही त्यावर तू लिही. तो थोडा वेळ विचार करत राहिला. मग म्हणाला, "लिहीन सर. पण ती वाचायची कुठं?"